बिनहवेचा टायर: आधी पट्टा, मग आरे

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ठाण्यातले तिघे विद्यार्थी, मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम, दोन्ही बाजूंना इमारतींची कामं, रस्त्यावर खिळे आणि बांधणीच्या तारांचे तुकडे. डिलिव्हरीच्या ई-स्कूटर सारख्या पंक्चर होतात. म्हणून यांना प्रोजेक्टसाठी टीपीयूचा, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लास्टिकचा, बिनहवेचा टायर थ्रीडी प्रिंटरवर काढायचा आहे. विचारणा अशी की आतले आरे हनीकॉम्बसारखे षटकोनी ठेवावेत, इंग्रजी व्हीसारखे की वक्र? शिवाय, नासाने असे टायर चंद्रावर नेले, मिशेलिनने २००५ मध्येच दाखवले, तर ते अजून आपल्या गाड्यांना का नाहीत?

माझं काम रबर आणि पॉलियुरेथेनच्या साचेकामाचं. रबाळे-महापे पट्ट्यात फोर्कलिफ्टचे सॉलिड टायर, कन्व्हेअरचे रोलर, मशीनखालचे पॅड असला माल बनवत आलो. त्या अनुभवावरून सांगतो: आऱ्यांचा आकार हा या डिझाइनमधला जवळजवळ शेवटचा निर्णय आहे. व्हिडिओत तोच डोळ्यांत भरतो, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. टायर म्हणजे आऱ्यांच्या बाहेरचा पट्टा. तो जमला तर आरे बऱ्याच प्रकारचे चालून जातात. तो नाही जमला तर सुंदर हनीकॉम्ब केलेलं चाक दगडासारखं आपटत राहतं.

आधी हवेचा टायर नेमकं काय करतो ते पाहू. भार हवेवर टेकलेला असतो असं बहुतेकांना वाटतं. पण भार पडल्यावर आतला दाब फारसा वाढत नाही. टायर इंचभर दबला तरी एकूण घनफळ जेमतेम बदलतं. खरी गोष्ट अशी की हवा टायरमधल्या दोऱ्या ताणून धरते आणि त्या दोऱ्या रिमला चहूबाजूंनी सारख्या ओढत असतात. जमिनीलगत टायरची बगल बाहेर फुगली की तिथली खालची ओढ कमी होते. वरची ओढ तशीच राहते. म्हणजे रिम वरच्या दोऱ्यांना लटकलेली असते. गाडीचं वजन खालून उचललेलं नाही, वरून टांगलेलं आहे.

दुसरं काम दाब पसरवण्याचं. रबराची बगल स्वतः थोडा भार घेते ते सोडलं, तर टायर जमिनीवर जो दाब देतो तो आतल्या हवेच्या दाबाइतकाच असतो, आणि ठशाच्या, म्हणजे जमिनीला टेकलेल्या भागाच्या, बहुतेक ठिकाणी सारखा. ३६ पीएसआय हवा म्हणजे साधारण ०.२५ मेगापास्कल. पकड, झीज, धक्का शोषणं हे सगळं या सारखेपणावर उभं आहे.

तिसरी गोष्ट कुणी मोजत नाही. हवा ही स्प्रिंग आहे आणि तिला थकवा येत नाही. दाबली, सोडली, पुन्हा दाबली. जवळपास सगळी ऊर्जा परत मिळते. टायर तापतो तो रबरामुळे. हवा काढून टाकायची म्हणजे तिचं काम कुठल्यातरी घन पदार्थाकडून करून घ्यायचं. तो पदार्थ तापणार, थकणार, त्याला तडे जाणार. बिनहवेच्या टायरच्या सगळ्या अडचणी या एका अदलाबदलीतून निघतात. रॉबर्ट थॉमसनने हवेच्या टायरचं पेटंट १८४५ मध्ये घेतलं, डनलॉपने १८८८ मध्ये तो सायकलसाठी पुन्हा शोधला, आणि त्यानंतर सॉलिड रबर रस्त्यावरून हटलं ते पंक्चरचा त्रास माहीत असूनही. एवढ्यावरून हवेचा फायदा किती मोठा आहे ते समजून घ्या.

आता पट्टा. मिशेलिनच्या ट्वील या बिनहवेच्या टायरमागची खरी कल्पना आऱ्यांत नाही, या पट्ट्यात आहे. दोन न ताणणारे थर, म्हणजे पोलादी दोऱ्यांच्या दोन कड्या, एक बाहेर आणि एक आत. मध्ये मऊ पदार्थाचा थर. त्याला शिअर बँड म्हणतात. हा पट्टा गोलाचा सपाट होताना वाकत नाही, सरकतो. पत्त्यांचा कॅट बोटांनी तिरका करावा तसा. दोन्ही कड्यांची लांबी बदलत नाही, मधला थर तेवढा तिरका होतो.

हे एवढं महत्त्वाचं का? समजा तुम्ही एकाच पदार्थाची साधी, जाडसर कडी केली. ती सपाट व्हायला वाकावी लागते. वाकणारी कडी ठशाच्या दोन टोकांवर भार देते आणि मध्ये जवळजवळ काहीच देत नाही. बीमचं समीकरण मांडून बघा, दोन ओळींत निघतं. उलट कडी फारच लवचीक ठेवली तर भार सरळ खालच्या आऱ्यांवर येतो. जो आरा खाली आला त्याच्यावर दाबाचा डोंगर आणि दोन आऱ्यांच्या मध्ये खड्डा. थ्रीडी प्रिंटरवर काढलेले जेवढे हनीकॉम्ब टायर आजवर माझ्या टेबलावर आले ते सगळे या दुसऱ्या जातीचे. सरकणाऱ्या पट्ट्याचं तसं नाही. तो ठशावर सारखा दाब देतो, अगदी हवेसारखा, आणि तो दाब किती ते एका ओळीच्या हिशेबात येतं: मधल्या थराचा शिअर मॉड्युलस (तिरकं व्हायला तो किती विरोध करतो त्याचं माप) गुणिले त्या थराची जाडी, भागिले चाकाची त्रिज्या.

हे सूत्र कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवा. तुमचा अर्धा प्रोजेक्ट त्यात आहे.

तुमच्या स्कूटरचे आकडे घालू. ९०/१०० - १० मापाचा टायर धरला तर बाहेरचा व्यास सुमारे ४३४ मिमी, त्रिज्या २१७. हवेइतका, म्हणजे ०.२५ मेगापास्कल दाब हवा आणि मधला थर १२ मिमी ठेवायचा, तर मॉड्युलस साधारण ४.५ मेगापास्कल लागतो. ट्रेडचं, म्हणजे जमिनीला घासणाऱ्या बाहेरच्या थराचं, नेहमीचं ६० शोअर ए कडकपणाचं रबर (शोअर ए ही कडकपणा मोजायची पट्टी) सव्वा मेगापास्कलच्या आसपास असतं. त्याने हे करायला गेलात तर थर चार सेंटीमीटरहून जाड होतो, म्हणजे ते जमणार नाही. ८५ शोअर ए चं पॉलियुरेथेन बरोबर त्या पट्टीत बसतं. तुमच्या प्रिंटरच्या दुकानात मिळणारं नेहमीचं टीपीयू ९५ शोअर ए असतं. आकड्यांत फरक दहाचाच, पण या टोकाला कडकपणा झपाट्याने चढतो आणि मॉड्युलस तिपटीच्या घरात जातो. थर तेवढा बारीक करावा लागेल आणि मग तो धक्का काय शोषणार?

आता खर्चाची बाजू, म्हणजे उष्णता. मागच्या चाकावर दोन माणसं धरून १६० किलो भार, म्हणजे १६०० न्यूटनच्या जवळपास. दाब ०.२५, तर ठसा ६४०० चौरस मिमी. रुंदी ६० मिमी धरली तर लांबी १०-११ सेंमी. ठशाच्या टोकाला मधला थर किती तिरका होतो? अर्धी लांबी भागिले त्रिज्या, म्हणजे पाव. २५ टक्के शिअर, दर फेरीला एकदा पुढे आणि एकदा मागे. पदार्थाचा टॅन डेल्टा, म्हणजे दर आवर्तनात किती ऊर्जा उष्णतेत जाते त्याचं माप, ०.१ असेल तर त्या थरातूनच चाकाच्या फिरण्याला साधारण ६० न्यूटनचा रोध निघतो. ताशी ५० किमीला ते आठशे-साडेआठशे वॉट होतात. हवेच्या चांगल्या टायरचा एकूण रोध याच भाराला २०-२५ न्यूटन. ई-स्कूटरची बॅटरी छोटी. मागच्या चाकातला एक थर गरम करण्यात तिचा एवढा वाटा गेला तर डिलिव्हरीवाला पंक्चर परवडलं म्हणेल.

टॅन डेल्टा ०.०३ पर्यंत आणलात तर रोध २० न्यूटनच्या आत येतो आणि मग बोलण्यात अर्थ आहे. त्यासाठी प्रिंटरची रीळ उपयोगाची नाही, ओतीव पॉलियुरेथेन लागतं, आणि तेही पॉलिईथर जातीचं. पीटीएमईजी या कच्च्या मालावर बनवलेलं. हिस्टेरेसिस, म्हणजे उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा, कमी, उसळी चांगली. दुसरं कारण आपल्या हवेचं आहे. पॉलिएस्टर जातीचं पॉलियुरेथेन फाटायला चिवट असतं, पण दमट उष्ण हवेत पाणी त्याच्या साखळ्या तोडतं. ठाण्याच्या खाडीकाठच्या दोन पावसाळ्यांत त्याला भेगा पडतात, हाताला चिकट लागायला लागतं. कुठल्याही पॉलियुरेथेनला सतत ८० अंशांवर ठेवणं बरं नाही, आणि मे महिन्यात आपलं डांबरच दुपारी ६०च्या घरात असतं. म्हणजे स्वतःच्या उष्णतेसाठी टायरकडे फार जागा उरत नाही.

जास्त भाराचं गणित तर अजून कडू आहे. हवेच्या टायरला माल वाढला की पंपावर चार पीएसआय जास्त मारून घेता येतात. इथे दाब साच्यातच ठरलेला. भार वाढला की ठसा लांब होतो, थर जास्त तिरका होतो आणि उष्णता वर्गाने वाढते. भार दीडपट, उष्णता सव्वादोनपट. भिवंडीच्या गोदामातून निघणारं मालवाहू वाहन कागदावरच्या वजनावर चालतं असं मानून डिझाइन करू नका.

आता तुमचे आरे. त्यांच्याकडून दोन गोष्टी हव्यात आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. वरच्या बाजूला त्यांनी ताण घ्यावा, कारण हवेच्या टायरसारखाच भार वरून टांगायचा आहे. खाली जमिनीजवळ आल्यावर मात्र त्यांनी बिनतक्रार मुडपावं, खांबासारखं उभं राहू नये. खाली ताठ राहिले तर सारखा दाब संपला आणि प्रत्येक आऱ्याचा ठोका हँडलपर्यंत पोचला. म्हणून आरे बारीक आणि लांब हवेत. मुडपण्याचा भार जाडीच्या घनाने वाढतो आणि लांबीच्या वर्गाने कमी होतो. त्यांना मुळातच थोडा बाक द्या, म्हणजे कुठल्या बाजूला वळायचं ते आधीच ठरलेलं असतं. षटकोनी हनीकॉम्ब मला यासाठी आवडत नाही: त्याच्या भिंती आखूड असतात, सांधे फार असतात आणि खालच्या बाजूला तो दाबाचा भार घेतोच. लष्करी गाड्यांसाठी अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या रेझिलियंट टेक्नॉलॉजीजने हनीकॉम्बचा टायर केला होता, पण तिथे गोळी लागून काही भाग उडाला तरी चाक चालत राहावं ही गरज होती. तुमची गरज वेगळी. व्ही किंवा वक्र, दोन्ही चालतील. मी वक्र घेईन.

आरा जिथे पट्ट्याला आणि हबला मिळतो तिथली गोलाई मात्र जपा. तडा तिथूनच सुरू होतो. ४३४ मिमी व्यासाचं चाक २०,००० किमीत सुमारे दीड कोटी वेळा फिरतं, म्हणजे प्रत्येक आरा दीड कोटी वेळा मुडपतो. प्रिंट केलेल्या टीपीयूत थर थरावर चिकटवलेले असतात. दोन थरांमधली बारीक रेष म्हणजे आयती भेग. प्रिंट नमुन्यासाठी घ्या, आकार हातात धरून बघायला घ्या. चालवायला ओतीव माल घ्या.

आवाजाचं सांगतो, कारण कागदावर तो कुणाला दिसत नाही. समजा ६० आरे आहेत. ताशी ५० किमीला चाक सेकंदाला दहा फेऱ्या मारतं. म्हणजे सेकंदाला सहाशे आरे मुडपून पुन्हा ताठ होतात. ६०० हर्ट्झचा सूर, कानाला नेमका खुपणारा. सुरुवातीच्या ट्वीलची ताशी ८० किमीच्या वर हीच तक्रार होती. उपाय जुनाच आहे, ट्रेडच्या नक्षीत वापरतात तो: आऱ्यांमधलं अंतर सारखं ठेवू नका, आणि टायर रुंदीत दोन भागांत विभागून एका भागाचे आरे दुसऱ्याच्या मधोमध येतील असे सरकवा. सूर मोडतो, गुणगुण उरते.

आणि चिखल. परदेशी लेखांत बर्फ लिहिलेला असतो. आपल्याकडे त्याच्या जागी मेट्रोच्या खांबाखालचा तो राखाडी, सिमेंट मिसळलेला रबडा. आऱ्यांच्या एका बाजूला पाव किलोहून कमी, समजा २०० ग्रॅम चिखल वाळून बसला. केंद्रापासून १७ सेंमीवर, ताशी ५० किमीला त्याची ओढ १४ किलोच्या जवळपास भरते, आणि ती ओढ चाकाबरोबर फिरत असते. बेअरिंग आणि मनगट दोन्हींची वाट लागते. बाजूंना पातळ लवचीक झाकण लावता येतं, पण मग आतली उष्णता कोंडते. मी झाकण लावून खालच्या बाजूला निचऱ्याची भोकं ठेवीन. पण हे चाचणी केल्याशिवाय ठरवायची गोष्ट नाही.

ट्रेड पॉलियुरेथेनचाच ठेवायचा मोह होईल, कारण एका ओतकामात सगळं होतं. ते टाळा. ओल्या रस्त्यावर पॉलियुरेथेनची पकड वाईट असते. तीन हात नाक्याच्या उतारावर पहिल्या पावसात काय होईल ते सांगायला नको. वर रबराचा ट्रेडच हवा, आणि तो पॉलियुरेथेनला बाँडिंग एजंटने चिकटवावा लागतो. हा सांधा म्हणजे या टायरमधला सगळ्यात नाजूक भाग. सँडब्लास्ट, साफसफाई, प्रायमर, भट्टी, यातली एक पायरी घाईत केली की ट्रेड सालासारखा सुटून येतो.

एवढं सगळं सांगून आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट: स्कूटर सोडा. कारण साधं आहे. शिअर बँड सपाट नळकांडं असतं. दुचाकी वळताना कलते, म्हणून तिचा टायर आडव्या छेदातही गोल असतो. कललेल्या सपाट पट्ट्याची एक कड तेवढी जमिनीला लागते, सारखा दाब संपतो आणि वळणात पकड सुटते. दोन्ही दिशांनी गोल शिअर बँड करणं हे अजून मोठ्या कंपन्यांनाही सोपं गेलेलं नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तर नकोच. तीनचाकी मालवाहू घ्या. तिची चाकं उभीच राहतात, वेग कमी, रोजचा मार्ग ठरलेला, संध्याकाळी गाडी एकाच जागी परत येते. म्हणजे रोज टायर तपासता येतो. सूत्र तेच, भार आणि त्रिज्या बदलून घ्या.

मग मोठ्यांनी अजून का नाही आणला, हा दुसरा प्रश्न. नासाचा आधी निकालात काढतो. अपोलोच्या गाडीची चाकं झिंक चढवलेल्या पोलादी तारेच्या जाळीची होती, वर टायटेनियमच्या पट्ट्या. चंद्रावर वजन एक षष्ठांश, वेग रिक्षापेक्षा कमी, आणि अपोलो १७ची गाडी एकूण चालली सुमारे ३६ किमी. घोडबंदर रोडवर कापूरबावडीहून फाउंटन हॉटेलला जाऊन परत यावं, जवळपास तितकंच. तिथे रबर सोयीचं नाही, कारण तिथल्या थंडी-उष्णतेत ते फार टिकत नाही. गरज वेगळी म्हणून उत्तर वेगळं.

जमिनीवरचं उत्तर असं की बिनहवेचे टायर आले आहेत, पण जिथे वेग कमी आहे तिथे. ट्वील बाजारात रुजला तो स्किड-स्टिअर लोडर आणि गवत कापायच्या यंत्रांवर. गाड्यांसाठी मिशेलिनने २०१९ मध्ये जनरल मोटर्सबरोबर युप्टिस दाखवला. त्यात आरे रबर आणि काचतंतू-रेझिनचे आहेत, नुसत्या पॉलियुरेथेनचे नाहीत. तोही पहिल्यांदा रोजच्या कामावर चालला तो २०२३ मध्ये सिंगापुरात डीएचएलच्या डिलिव्हरी व्हॅनवर. ब्रिजस्टोनने २०११ पासून थर्मोप्लास्टिक रेझिनच्या आऱ्यांचा मार्ग धरला आहे, म्हणजे झिजल्यावर वितळवून पुन्हा वापरता यावं. दिशा सगळ्यांची एकच दिसते: ठरलेला मार्ग, मर्यादित वेग, गाडी बंद पडली की पैसे बुडणारा मालक. घरगुती गाडी सगळ्यात शेवटी.

कारण घरगुती गाडीसाठी प्रतिस्पर्धी जुना ट्यूबवाला टायर नाही. ट्यूबलेसला खिळा लागला तरी गाडी घरापर्यंत येते, कोपऱ्यावरचा माणूस काही मिनिटांत प्लग घालून देतो. २०२० पासून आपल्याकडे नियमही बदलले: ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर छोट्या प्रवासी गाडीला स्टेपनीसुद्धा सक्तीची नाही. म्हणजे पंक्चरची किंमत दरवर्षी उतरत चालली आहे. तेवढ्यासाठी बॅटरीतला वाटा, आवाज आणि कितीतरी पट किंमत कोण देईल? शिवाय आपल्याकडे टायरला आयएसआय खूण सक्तीची आहे आणि ती मानकं हवेच्या टायरसाठी लिहिलेली आहेत. बिनहवेचा टायर कशावर तपासायचा हेच आधी ठरवावं लागेल. तुमचा नमुनाही त्यामुळे कॉलेजच्या आवारातच चालवा, सार्वजनिक रस्त्यावर नेऊ नका.

उलट कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये जाऊन बघा. जमिनीवर पत्र्याच्या कडा, कापलेल्या सळया, तारा. तिथे हवेचा टायर टिकवणं म्हणजे रोजची लढाई, आणि वेग कुणाला ताशी दहा-पंधराच्या वर जायची सोय नाही. तिथे आज सॉलिड टायर चालतात. फोर्कलिफ्टचा सॉलिड टायर तुम्हाला साधा ठोकळा वाटेल, पण त्यातही तीन थर असतात: आत रिमला धरणारा कडक थर आणि पोलादी कडी, मध्ये गादीसारखा मऊ, उसळी घेणारा थर, बाहेर झिजायला चिवट ट्रेड. त्याची मर्यादाही उष्णतेचीच. गोदामाच्या आत इकडून तिकडे फिरवलात तर वर्षानुवर्षं जातो. तोच फोर्कलिफ्ट लांबच्या दुसऱ्या शेडपर्यंत दिवसभर पळवलात तर मधला थर आतून शिजतो. बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस ट्रेड फाडून चिकट काळा लगदा बाहेर येतो. तळोज्याच्या एका गोदामाने असे टायर आमच्याकडे आणून टाकले होते, माल खराब म्हणून. मालात काही खोट नव्हती. दोन शेडमधलं अंतर वाढलं होतं. तुमचा टायर मोडेल तेव्हा तोही बहुतेक असाच, आतून मोडेल. म्हणून चाचणीत थर्मामीटर टायरच्या बाहेर धरून भागणार नाही. मधल्या थरापर्यंत बारीक भोक पाडून थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, घाला, चाक थांबवल्याबरोबर वाचा.

पहिल्या नमुन्यासाठी माझा क्रम असा. पोलादी दोऱ्यांच्या कड्या हाताने गुंडाळणं अवघड; सुरुवातीला पातळ स्प्रिंग स्टीलची पट्टी गोल करून, सांधा तिरका घेऊन काम चालवा. ती गंजेल, थकेल, पण शिअर बँडचं वागणं दाखवेल. आरे न लावता नुसता पट्टा आधी दाबून बघा. मग आरे लावून प्रेसखाली भार द्या, खाली कागद, ट्रेडला शाई. ठसा मधोमध सारखा काळा उमटला तर पट्टा काम करतोय. दोन टोकांनाच काळा असेल तर तो वाकतोय, मधला थर मऊ किंवा जाड करा. आऱ्यांच्या जागी काळे पट्टे दिसले तर कडी फार लवचीक झाली किंवा आरे फार ताठ आहेत. ठसा मनासारखा आल्याशिवाय चाक फिरवायला घेऊ नका. फिरवताना आधी ताशी १०, मग २०, प्रत्येक वेळी तापमान स्थिर होईपर्यंत थांबा. आलेख सपाट न होता चढतच राहिला तर तिथेच थांबा.

ओतकामासाठी रबाळे, महापे, तुर्भे या भागात पॉलियुरेथेनचे रोलर ओतणारे बरेच छोटे कारखाने आहेत. साचा ॲल्युमिनियमचा नेलात तर बहुतेक जण नमुना ओतून देतील. दोन गोष्टी त्यांना विचारून घ्या. क्युअरिंगसाठी, म्हणजे ओतलेला माल घट्ट करायला, मोका वापरत असतील तर तुम्ही तिथे हात घालू नका. ते रसायन कर्करोगकारक आहे, हातमोजे आणि धुराची सोय नसलेल्या जागी नुसतं बघायलाही उभं राहू नये. दुसरं म्हणजे मोसम. पॉलियुरेथेनमधला आयसोसायनेट हा घटक हवेतल्या ओलाव्याशी लगेच भिडतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मालात बुडबुडे राहतात. व्हॅक्यूम लावला तरी जुलै-ऑगस्टमधल्या हवेत पातळ आऱ्यांच्या मुळाशी एखादा राहतोच, आणि राहायला जागाही नेमकी तीच शोधतो. म्हणून पावसाळ्यात सूत्राचे आकडे, साचा आणि प्रिंट केलेला नमुना उरकून घ्या, आणि ओतकाम दिवाळीच्या आसपास, हवा कोरडी झाल्यावर लावा.